पाडेल्याच्या पडवीतील कारखाना

माडाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. त्याचे फळ देवापुढे ठेवतो, खोबरे रोजच्या आमटीत घालतो, झावळ्यांची झापे विणतो, हिरांच्या केरसुण्या करतो. परंतु या कल्पवृक्षाच्या आणि आपल्या मध्ये वीस-पंचवीस मीटर उंचीचे, एकही फांदी नसलेले सरळसोट खोड उभे असते. ते चढून जाणारा माणूस मिळाला नाही, तर कल्पवृक्षाचे सारे दान शेंड्यावरच राहते. गोमंतकात या माणसाला पाडेली म्हणतात. सुरेसाठी माडाची पोय बांधणारा रेंदेर निराळा आणि नारळ पाडणारा पाडेली निराळा, हे आपल्याकडील जुन्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे.

पाडेली हा कोणाचा नोकर नसतो. आज या भाटात, उद्या त्या कुळागरात, दर माडामागे ठरलेली मजुरी आणि रीतीप्रमाणे चार नारळ, असा त्याचा व्यवहार. त्याच्यावर मुकादम नाही, त्याची हत्यारे तपासणारा कारखान्यातला निरीक्षक नाही, आणि आजारी पडल्यास भरपगारी रजाही नाही. त्याच्या घराची पडवी हाच त्याचा कारखाना. तेथेच तो दोर वळतो, कोयत्याला धार लावतो, मोडलेली मूठ बदलतो. अलीकडे तर नारळ पाडण्याबरोबरच आंब्या-फणसाच्या धोक्याच्या फांद्या उतरवणे, माडाचा शेंडा साफ करणे आणि औषध घालणे, हीही कामे लोक त्यालाच सांगतात.

स्वतःची साधने स्वतः करणे ही या धंद्याची जुनी शान आहे, आणि तोच त्याचा जुना धोकाही आहे. वीस मीटरांवरून सुटलेली वस्तू दोन सेकंदांत जमिनीवर येते, आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात असतो. मग ती वस्तू नारळ असो, कोयता असो वा माणूस असो. म्हणून पडवीतल्या कारखान्याचा पहिला नियम असा की, जे मोडले असता केवळ काम अडते ते खुशाल घरी करावे. जे मोडले असता माणूस पडतो ते घरी करू नये. पुढील विवेचन या एका नियमाचाच विस्तार आहे.

वळे आणि आकडी

दोन्ही पायांत अडकवायचे काथ्याचे वळे हे पाडेल्याचे सर्वांत जुने साधन. काथ्या खरखरीत असल्यामुळे खोडावर त्याची पकड चांगली बसते. दोन्ही तळवे खोडाच्या दोन बाजूंना टेकले असता वळे ताणून बसेल, इतपतच त्याचा घेर ठेवावा. सैल वळ्यात पाय घसरतो, घट्ट वळ्यात घोटे सोलवटतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो खरे. पण भिजून कुजलेल्या सुंभाला पिळाचा आधार नसतो. तो बाहेरून धड दिसतो आणि आतून पीठ झालेला असतो. यासाठी वळे हवेशीर जागी कोरडे ठेवावे, पीळ उलगडून आतले तंतू पाहावेत, आणि दररोज पहिल्या माडावर चढण्यापूर्वी गुडघाभर उंचीवर सारा भार टाकून दोन-तीन हिसके द्यावेत. तुटायचे असेल तर ते तेथे तुटावे.

कमरेची लाकडी आकडी मात्र घरीच करावी, कारण प्रत्येकाची कंबर आणि प्रत्येकाचा कोयता वेगळा. खाच इतकी खोल हवी की माणूस वाकला तरी पाते निसटू नये. धार नेहमी शरीरापासून दूर राहील अशी खाचेची दिशा धरावी. कोयत्याच्या मुठीत किंचितही खडखड जाणवली तर पाचर मारून वेळ न काढता मूठच बदलावी. बोथट कोयता अधिक धोक्याचा असतो, हेही विसरू नये; बोथट पात्यास जोर अधिक लागतो, आणि जोर लावताना तोल जातो.

खाचांची खोटी सोय

चढणे सोपे व्हावे म्हणून माडाच्या खोडास पायऱ्यांसारख्या खाचा पाडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती मोडावयास हवी. आंबा, फणस यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो, आणि त्याच्या जोरावर ते जखमेवर नवी साल धरतात. माड हा गवताच्या कुळाजवळचा. त्याच्या खोडात असा थर नसतो. त्यामुळे माडाला एकदा पडलेली खाच जन्मभर उघडीच राहते. तिच्यात पाणी साचते, खोड कुजू लागते, आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यास आयती जागा मिळते. आज सोयीसाठी पाडलेली खाच उद्या त्याच माडाला पोखरून टाकते, आणि पोखरलेल्या माडावर चढणे हे मरणाला आमंत्रण आहे. पायऱ्या हव्याच असतील तर सोडणांचे म्हणजे नारळाच्या सालीचे जुडगे काथ्याने खोडाला बांधावेत. प्रत्येक हंगामात ते नवे बांधावे लागतात. तेवढा खर्च सोसावा.

यंत्र आले, तरी डोळे हवेत

केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने माडावर चढण्याचे एक साधे यंत्र तयार केले. दोन लोखंडी चौकटी, खोडाभोवती फिरणारी तारेची दोरी, आणि दोन्ही पायांनी आळीपाळीने वर सरकत जाणे, अशी त्याची रचना. पुढे २०११ साली नारळ विकास मंडळाने केरळात ‘माडाचे मित्र’ या अर्थाच्या नावाने तरुणांना यंत्रावर चढण्याचे आणि माडाची निगा राखण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. पिढीजात पाडेल्यांची संख्या घटत चालल्यामुळे ही योजना आखावी लागली होती. तीत स्त्रियाही पुढे आल्या, ही गोष्ट विशेष.

असे यंत्र पाहून गावच्या वेल्डिंगवाल्याकडून तसेच करून घेण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरावा. सांधा वरून गुळगुळीत दिसला तरी आत पोकळ असू शकतो, आणि ती पोकळी जमिनीवर कळत नाही. यंत्र आणि कमरेचा सुरक्षा पट्टा विकतच घ्यावा. त्यांची तपासणी मात्र पडवीतच होते. जुन्या सुती फडक्याने तारेची दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसावी. जेथे फडक्याचा धागा अडकेल तेथे तार तुटलेली आहे असे समजावे आणि दोरी बदलावी. तारेवरील रबराचे अस्तर झिजले तर पकड सुटते, म्हणून तेही पाहावे. बिजागऱ्या, नट आणि बोल्ट आठवड्यातून एकदा हाताने आवळून पाहावेत.

दोरांची दोन घराणी

पडवीत दोन जातींचे दोर असावेत आणि त्यांचा कधी संकर होऊ नये. एक माणसाचा, दुसरा ओझ्याचा. माणसाच्या दोराला लाल चिंधी बांधून तो निराळ्या खुंटीवर टांगावा. ज्या दोराने एकदा फांदी उतरवली, त्याने पुन्हा माणूस बांधू नये. कारण झटक्याने आतले तंतू तुटतात आणि बाहेर खूण उरत नाही. नायलॉनचा दोर काथ्याहून मजबूत खरा, पण ऊन त्याला खाते. कोणत्याही दोरास गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद तिसऱ्या हिश्शाने आणि कधी त्याहूनही अधिक घटते, हेही हिशेबात धरावे.

घराच्या कौलांवर झुकलेली फांदी उतरवताना दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेऊन खाली आणावा आणि खोडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे द्यावेत. त्या घर्षणाने मोठे ओझेही एकटा माणूस हळूहळू सोडू शकतो. खाली उभ्या असलेल्या सोबत्याने दोर हाताला कधीही गुंडाळू नये. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ असतात. त्यांच्या बेचक्यावर ना माणसाचा भार टाकावा, ना ओझ्याचा.

फांदी कापण्याचीही रीत आहे. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून थोडा काप घ्यावा. मग त्याच्या बाहेर दोन-तीन इंचांवर वरून कापावे. फांदी मोकळी पडते आणि साल सोलत खोडापर्यंत जात नाही. उरलेले थोटूक शेवटी कापावे, पण खोडाशी सपाट नव्हे. फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो तो राखून त्याच्या लगत बाहेर काप घ्यावा. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाड आपल्या जखमेभोवती आतून भिंत उभारते आणि त्या कामी हा फुगवटा महत्त्वाचा असतो. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने झाडास काही लाभ होत नाही, असेही त्यांच्या अभ्यासातून दिसले.

शेंड्याची निगा

पाडेली शेंड्यावर पोचलेलाच असतो. तेथे जाण्याचे निम्मे कष्ट झालेले असतात. म्हणून औषधाचे काम त्याने शिकून घेतल्यास दर माडामागे चार पैसे अधिक मिळतात आणि माडही वाचतो. पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो. मधले कोवळे पान पिवळे पडून ओढताच हातात आले, की हा रोग ओळखावा. कुजलेला भाग कापून साफ करावा, त्यावर बोर्डोचा मलम लावावा, आणि नवा कोंब येईपर्यंत पाणी शिरणार नाही असे झाकावे. मलमासाठी शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात निरनिराळे कालवून मग एकत्र करावेत. शेजारच्या निरोगी माडांवर फवारण्यासाठी तेवढेच मोरचूद व चुना दहा लिटर पाण्यात घ्यावा. भांडे प्लास्टिकचे वा मातीचे असावे, लोखंडाचे नसावे. तयार मिश्रणात चाकूचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालावा. हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपासून व मुलांच्या हातांपासून दूर ठेवावे.

गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला असेल तर तो तारेच्या आकड्याने ओढून काढावा. पुढे तो येऊ नये म्हणून पाव किलो निंबोळी पेंड आणि तितकीच बारीक वाळू एकत्र करून वरच्या पानांच्या बेचक्यांत भरावी. हा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, हे मालकाच्या कानी घालणे हेही पाडेल्याचेच काम.

नकार देण्याची कला

काही कामे हत्याराने नव्हे, तोंडाने करावयाची असतात. विजेच्या तारा माडाला लागून जात असतील, तर वीज खात्याकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय वर जाऊ नये. ओली झावळीही वीज वाहून नेते. खोड भिजलेले असेल, वारा सुटला असेल, शेंड्यात गांधीलमाशांचे पोळे असेल, किंवा खोडावर कोयत्याची मूठ आपटून पोकळ आवाज आला, तर मालकाला स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. झाड तोडावयाचे असल्यास परवानगीचा कागद आधी पाहावा. गोमंतकात १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. २०१६ साली माड त्यातून वगळला गेला तेव्हा लोकांत मोठा असंतोष उठला, आणि २०१७ मध्ये सरकारने माडाला राज्यवृक्षाचा मान देऊन तो निर्णय फिरवला.

धंद्याची एक वहीही पडवीत असावी. दोर केव्हा घेतला, तार केव्हा बदलली, कोणाच्या भाटात किती माड झाले, मजुरी किती आली, हे तीत लिहावे. नारळ विकास मंडळ माडावर चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना चालवते; तिची चौकशी करून हप्त्याची तारीखही याच वहीत टिपावी. पावसाळ्यात चढाई मंदावते. तो काळ हत्यारांच्या दुरुस्तीचा आणि या वहीच्या वाचनाचा समजावा.

आणि दोन शब्द आपण भाटमालकांसाठी. पाडेल्याने आज पाऊस आहे म्हणून नकार दिला, यंत्र तपासण्यास घटकाभर वेळ घेतला, किंवा नव्या दोराचे चार पैसे मजुरीत मागितले, तर कपाळाला आठ्या घालू नयेत. नारळ आठ दिवस उशिरा उतरला तर आपले फारसे बिघडत नाही. घाईने वर गेलेला माणूस पडला, तर त्याच्या घरची चूल विझते, आणि त्याच्या मुलाने हा धंदा का धरला नाही, हे विचारण्याचा आपला अधिकारही संपतो.