पाहुण्यांचे वायफाय आणि ॲक्सेस पॉइंट : वेगळेपण कोठवर टिकते?

एका वस्तूस दोन नावे दिल्याने वस्तू दोन होत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. तथापि वायफायच्या बाबतीत या साध्या तत्त्वाचा आपणां सर्वांनाच विसर पडतो. मोबाइलच्या पडद्यावर ‘विभाग’ आणि ‘विभाग-पाहुणे’ अशी दोन नावे दिसली, दोहोंचे पासवर्ड भिन्न असले, म्हणजे नेटवर्के दोन आहेत असे आपण धरून चालतो. ही समजूत केव्हा खरी असते व केव्हा फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचा विषय संगणकशास्त्र नव्हे. परंतु क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्यास हा प्रश्न टाळता येत नाही.

आमची इमारत जुनी, दगडी आहे. तळमजल्यावरील कार्यालयातल्या राउटरचे वायफाय वरच्या वाचनकक्षात पोचत नसे. म्हणून २०२३ साली एक जुना राउटर वाचनकक्षात आणला, केबलने कार्यालयातील राउटरला जोडला आणि तो ॲक्सेस पॉइंट म्हणून चालविण्यास आरंभ केला. बाहेरगावच्या अभ्यासकांसाठी त्यावरच पाहुण्यांचे निराळे नावही ठेवले. पुढे एके दिवशी एका पाहुण्या संशोधक विद्यार्थिनीने वाचनकक्षात बसल्या बसल्या आपला निबंध विभागाच्या प्रिंटरवर छापून घेतला, आणि सोय फार चांगली आहे म्हणून आभारही मानले. हे ऐकून आम्ही चपापलो. प्रिंटर ज्या नेटवर्कात होता त्याच नेटवर्कात ध्वनिमुद्रणांचा साठा होता, आणि ‘आतल्यांसाठीच तर आहे’ म्हणून त्यास पासवर्ड घातलेला नव्हता. त्या साठ्यात बोलीभाषकांनी घरातील कलह, जमिनीचे तंटे, गावातील वैरे यांविषयी आमच्यावर विश्वासून सांगितलेले पुष्कळ काही आहे. जे प्रिंटरपर्यंत पोचू शकले, ते तेथपर्यंतही पोचू शकले असते.

असे का व्हावे? घरगुती राउटर म्हणून आपण जी पेटी विकत आणतो तिच्यात वस्तुतः तीन यंत्रे एकत्र असतात. एक खरा राउटर, जो आतले नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर उभा राहून पत्ते वाटतो व फायरवॉलचे नियम चालवितो; दुसरा स्विच, जो केबलींना एकमेकींशी जोडतो; आणि तिसरा ॲक्सेस पॉइंट, जो हवेतील संदेश केबलीत उतरवितो. जुन्या वाड्याची उपमा द्यावयाची तर पहिला देवडीवरचा पहारेकरी होय. पाहुण्याने ओसरीवर बसावे, माजघरात जाऊ नये, हे तोच पाहतो. राउटर आपल्या मूळ रीतीने चालत असता पाहुण्यांना निराळ्या गटातील पत्ते मिळतात, आतल्यांस १९२.१६८.१ या गटातील, तर पाहुण्यांस समजा १९२.१६८.३ या गटातील. एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा मार्ग पहारेकऱ्याजवळून जातो व तो अडवितो.

पेटी ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवू लागताच हा पहारेकरी रजेवर जातो. आता ती पत्ते वाटत नाही, नियम पाहत नाही. हवेतून आलेली चौकट केबलीवर ठेवून देते, इतकेच. येथे कळीची गोष्ट अशी की, वायफायचे नाव हवेतच राहते. केबलीवरून जाणाऱ्या चौकटीत त्या नावाचा मागमूसही नसतो. त्यामुळे पाहुण्याचा मोबाइल पत्ता मागू लागला की ती मागणी कार्यालयातील राउटरपर्यंत जाते, आणि मागणारा कोणत्या नावाखाली आत आला हे कळण्याचे साधन नसल्याने तो राउटर त्यास आतल्यांच्याच गटातील पत्ता देतो. म्हणूनच पुष्कळ उत्पादक ॲक्सेस पॉइंट होताच पाहुण्यांची सोय मुळी बंदच करतात. ग्राहक त्यावर रागावतात, पण खोटे वेगळेपण दाखविण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. काही यंत्रांत पाहुण्यांना एकमेकांपासून अलग ठेवण्याची सोय असते. परंतु तिने बहुधा बिनतारी यंत्रांतील आपसांतला व्यवहार थांबतो. केबलीने जोडलेला साठा मोकळाच राहतो.

यावरील शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे व्हीलॅन. आपल्या भाषेत ‘वाघाने माणसास मारले’ आणि ‘माणसास वाघाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मारणारा वाघच, कारण नाते पदांच्या जागेवर अवलंबून नसून प्रत्ययात आहे. पद कोठेही गेले तरी प्रत्यय बरोबर जातो. व्हीलॅनची खूण अशीच चौकटीस चिकटून प्रवास करते. ८०२.१क्यू या १९९८ च्या मानकानुसार ती चार बाइटांची असते. तीपैकी १२ बिट क्रमांकासाठी राखलेले असल्यामुळे ४०९४ वेगवेगळी नेटवर्के एकाच केबलीवरून नेता येतात. पाहुण्यांच्या नावास समजा ३० हा क्रमांक दिला, की त्या नावाखाली आलेली प्रत्येक चौकट ३० ची खूण घेऊनच केबलीत उतरते. मात्र ही खूण वाटेतील स्विच आणि मुख्य राउटर या दोघांनाही वाचता आली पाहिजे. साधा स्वस्त स्विच ती जशीच्या तशी पुढे जाऊ देईलही. त्यावर विसंबू नये.

मुख्य राउटर व्हीलॅन जाणत नसेल तर अनेक जण दुसरी पेटी पूर्ण राउटर म्हणूनच जोडतात आणि पाहुण्यांना तिच्यामागे बसवितात. ही युक्ती उलटी आहे. आतल्या राउटरची फायरवॉल आपल्यामागच्यांचे बाहेरच्यांपासून रक्षण करते. मागच्यांना बाहेर जाण्यास ती सहसा अडवीत नाही. आणि त्या पेटीच्या दृष्टीने ‘बाहेर’ म्हणजे आपले कार्यालय! अशा रचनेत साठा व प्रिंटर आतल्या राउटरमागे हवेत, पाहुणे पहिल्या राउटरवर.

आमचा मुख्य राउटर व्हीलॅन न जाणणारा निघाला, आणि नव्या खरेदीची मंजुरी म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. म्हणून आम्ही तिसरा मार्ग पत्करला. वाचनकक्षातील पेटीवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातली. २००४ पासून विकसित होत आलेल्या या प्रणालीत ॲक्सेस पॉइंटचे काम चालू ठेवूनही फक्त पाहुण्यांपुरता पहारेकरी पुन्हा उभा करता येतो. त्यांना पत्ते हीच पेटी देते. त्यांचे संदेश ती आपल्या नावावर पुढे पाठविते. आणि कार्यालयाच्या गटातील कोणत्याही पत्त्याकडे निघालेला संदेश तेथेच नाकारते. पाहुण्यांचा इंटरनेटकडे जाणारा मार्ग कार्यालयाच्याच केबलीतून जातो, मग तो कसा अडत नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्या संदेशावर अंतिम पत्ता इंटरनेटवरील असतो. कार्यालयातील राउटर ही केवळ वाटेतील पायरी असते, आणि नियम अंतिम पत्ता पाहतो. आयपीची सहावी आवृत्ती चालू असल्यास तिच्यासाठी नियम स्वतंत्रपणे लिहावा लागतो. तो राहून गेला तर पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते.

रचना कोणतीही असो, पडताळा घेतल्यावाचून तीवर विश्वास ठेवू नये. मोबाइल पाहुण्यांच्या नावावर जोडून मिळालेला पत्ता पाहावा. निराळा गट दिसला म्हणून तेवढ्यावर थांबू नये. साठा, प्रिंटर आणि दोन्ही पेट्यांची व्यवस्थापनाची पाने उघडून पाहावीत. इंटरनेट चालावे आणि यांपैकी काहीही उघडू नये. आम्ही हा पडताळा दर सत्राच्या आरंभी व प्रणाली अद्ययावत केल्यावर घेतो. साठ्यास पासवर्डही घातला आहे. तो आरंभीच घालावयास हवा होता. पाहुण्यांना छपाई हवी असल्यास मजकूर ईमेलने कार्यालयाकडे पाठवावा, अशी सूचना वाचनकक्षात लावली असून तिच्याबद्दल अधूनमधून कुरकुर ऐकू येते.