पायथनला टाटा... पण नीट!

रविवारची संध्याकाळ. सगळी गँग पिक्चरला गेलेली आणि मी घरी कम्प्युटरसमोर कपाळाला हात लावून! सोमवारी दहाच्या मीटिंगला सेल्स रिपोर्ट हवा होता आणि २० एक्सेल शीट्स जोडणारा माझा लाडका पायथन प्रोग्राम ऐनवेळी रुसलेला. कारण? मशीनवर दोन पायथन! एक क्लासच्या वेळचं जुनं, एक नवंकोरं. लायब्ररी टाकली एकात, प्रोग्राम चालत होता दुसऱ्यावर.

'अगं, जुनं उडव ना! दोन मिनिटांचं काम,' मैत्रिणीने फोनवर सल्ला दिला. मीही सेटिंग्ज, ॲप्स, अनइन्स्टॉल असं धडाधड क्लिक केलं. मग कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन' टाइप केलं, तर चक्क मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं! जुनं गेलं आणि नवं सापडेना.

तेव्हा कळलं, हे भाड्याची खोली सोडण्यासारखं आहे बॉस! अनइन्स्टॉलर स्वतः आणलेलं सामान तेवढं उचलतो. आपण नंतर भरलेलं तिथंच राहतं. लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये जुन्या पायथनचं फोल्डर तसंच होतं, पिपने टाकलेल्या लायब्रऱ्यांसकट. शिफ्ट-डिलीट दाबणार, इतक्यात आत माझेच तीन प्रोग्राम दिसले. आळसापोटी तिथंच सेव्ह केलेले! दाबलं असतं तर रिसायकल बिनमध्येही मिळाले नसते. पोटात गोळाच आला.

म्हणून आता माझा क्रम ठरलाय. आधी 'पिप फ्रीझ' चालवून लायब्रऱ्यांची यादी फाइलमध्ये घ्यायची. आपले प्रोग्राम दुसरीकडे हलवायचे. जुन्या पायथनवर उभी असलेली व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स त्याच्याबरोबर बंद पडतात, ती नव्यावर पुन्हा बनवायची तयारी ठेवायची. मग अनइन्स्टॉल. शेवटी उरलेलं फोल्डर आणि 'पाथ'मधली जुनी नोंद काढायची. ही नोंद म्हणजे सोसायटीच्या पाटीवरचं आधीच्या भाडेकरूचं नाव! तिथं नव्या पायथनचा पत्ता लिहायचा. स्टोअर मध्येच टपकत असेल तर सेटिंग्जमधल्या 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस'मध्ये पायथनचं बटण बंद करायचं. 'व्हेअर पायथन' अशी कमांड दिली, की आता कोण कुठे राहतंय ते कळतं.

पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजीच संपला, त्यामुळे ते अजून पडून असेल तर निरोप द्यायला हरकत नाही. पण ऑफिसच्या मशीनवर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात नको. आणि उबुंटू वापरत असाल तर त्याच्याबरोबर आलेल्या पायथनच्या वाटेला तर जाऊच नका. उबुंटूची स्वतःची कामं त्याच्यावर चालतात!

माझं काय झालं? यादी आधी घेतली नव्हती. उरलेल्या फोल्डरमधली नावं वाचून एकेक लायब्ररी नव्यावर टाकली. रात्री दीड वाजता रिपोर्ट निघाला. पिक्चर हुकला, नोकरी वाचली!