दहाव्याच्या दिवशी काढलेली संस्था

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले तेही धुळ्यातच, 9 जानेवारी 1927 रोजी. निधनाचा दिवस धरून मोजले तर हा दहावा दिवस येतो. माणूस गेला की दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात. धुळेकर स्नेह्यांनी त्या दिवशी संस्था उभी केली. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की पश्चिम खानदेशातल्या त्या मंडळींबद्दल कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही.

राजवाड्यांचे चरित्र वाचकांना ठाऊकच आहे. 1898 पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड, 1910 साली पुण्यात स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा संसार मांडला नाही. हाताने रांधून खायचे, दप्तरांच्या मागे गावोगाव हिंडायचे आणि लिहायचे ते मराठीतच. स्वभाव मात्र जमदग्नीचा. पुण्याच्या ज्या मंडळाचे ते संस्थापक, त्याच्याशीही अखेर बिनसले.

अशा माणसाचा शेजार सोपा नव्हे. धुळ्याने तो पत्करला, याचे श्रेय या गावाला पुरेसे मिळालेले नाही.

धुळ्यात जुन्या कागदांची कदर आधीपासून होती. वकिली करणाऱ्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1893 मध्येच सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. मठामठांतून त्यांनी रामदासी बाडे गोळा केली आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून 1905 साली दासबोध छापला. दुसरे भास्कर वामन भट. ‘महाराष्ट्र धर्म’ या ग्रंथाचे कर्ते असूनही आज त्यांचे नाव अभ्यासकांपलीकडे कुणाला माहीत नाही. जुन्या पोथीची किंमत जाणणारी अशी माणसे गावात होती. राजवाड्यांना आणखी काय हवे होते?

राजवाड्यांचे काम किती किचकट होते, ते एक रुमाल सोडला तरी कळते. कापडाची गाठ सुटते आणि आत घड्यांवर विरलेले मोडी कागद दिसतात. पत्रावर चंद्र म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख असते, पण साल बहुधा नसते. मजकुरातल्या स्वाऱ्या, मुक्काम, माणसे जुळवून ते साल ठरवायचे. पानिपताच्या आगेमागे लिहिलेली पत्रे राजवाड्यांनी पहिल्या खंडात अशीच लावली. ते गेल्यावर त्यांचीच टिपणे स्नेह्यांपुढे येऊन पडली. ती कोण लावणार?

मंडळाने ते काम अंगावर घेतले. मराठी धातुकोश 1937 मध्ये बाहेर आला, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी. नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश 1942 मध्ये आला. दोन्हींचे संपादक कृ. पां. कुलकर्णी. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या भाषाशास्त्रज्ञांना पटलेल्या नाहीत आणि काही तर उघडच ओढूनताणून बसवलेल्या आहेत. तरीही ते हस्तलिखित गुंडाळून ठेवले गेले नाही, ही त्या मैत्रीची सर्वांत मोठी कसोटी होती. नुसता पुतळा उभारणे कितीतरी स्वस्तात झाले असते.

पुढे मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली समग्र राजवाडे साहित्य 13 खंडांत निघाले, तेही धुळ्याहूनच. त्या पिढीने राजवाड्यांना पाहिलेले नव्हते. भारतीय विवाहसंस्थेवरच्या ज्या लेखनाने सनातनी मंडळी खवळली होती, त्यासकट सारे राजवाडे आज एकत्र वाचता येतात ते या खंडांमुळे. मंडळाचे ‘संशोधक’ हे त्रैमासिकही निघत राहिले. पोथ्या, मोडी दप्तरे आणि जुनी शिल्पे यांचा मंडळाचा संग्रह धुळ्यातच आहे. जळगावच्या अभ्यासकाला त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही.