पत्ता देणारा एकच असावा

पत्ता माणसाचा नसतो, जागेचा असतो, हे आम्हां जोयडा तालुक्यातील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. काळी नदीवर सुपा येथे धरण झाले, जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तेथील अनेक कुटुंबे रामनगरास वसली. माणसांची नावे तीच राहिली, पत्ते बदलले. आज घरोघरी आलेल्या संगणकांचा आणि मोबाइलांचा व्यवहारही याच तत्त्वावर चालतो.

प्रत्येक यंत्रास कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. त्यास मॅक क्रमांक म्हणतात. ते त्याचे नाव समजावे. परंतु ज्या जाळ्यात ते यंत्र जाईल, तेथे त्यास त्या जागेचा पत्ता घ्यावा लागतो. हा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०५. यातील पहिले तीन आकडे घरातील जाळ्याचे, शेवटचा त्या यंत्राचा. संस्कृत कवी आणि टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोडही असाच मोठ्या विभागाकडून लहान विभागाकडे येतो.

पूर्वी कार्यालयांतून हे पत्ते वहीत टिपून प्रत्येक संगणकात हाताने भरीत. एकच पत्ता चुकून दोघांना गेला, की दोघांचेही काम अडे. यावर उपाय म्हणून १९९३ साली डीएचसीपी नावाची पद्धत प्रसिद्ध झाली व १९९७ साली तिला सुधारित रूप मिळाले. तिचे काम धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखे आहे. नवे यंत्र जाळ्यात येताच ‘कोणी पत्ता देईल काय?’ अशी हाक देते. राउटर एक मोकळा पत्ता देऊ करतो. यंत्र तो मागून घेते. राउटर नोंद करून मान्यता देतो. पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरताच यंत्र ती वाढवून मागते; निघून गेलेल्याचा पत्ता मुदत संपल्यावर दुसऱ्यास मिळतो.

ही व्यवस्था लावणे कठीण नाही. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर त्याचा स्वतःचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि प्रवेशाचा परवलीचा शब्द असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये लिहून आत जावे व प्रथम तो शब्द बदलावा. नंतर ‘लॅन’ या भागात ‘डीएचसीपी सर्व्हर’ चालू असल्याची खात्री करावी. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर वाटपाची सुरुवात १९२.१६८.१.१०० व शेवट १९२.१६८.१.१९९ ठेवावा, शंभर यंत्रांची सोय होते. मुदत घरी एक दिवसाची पुरे. शाळा किंवा वाचनालय, जेथे माणसांची ये-जा असते, तेथे दोन तासांची ठेवावी. नाही तर निघून गेलेल्यांच्या नावे पत्ते अडून राहतात. छपाईयंत्राचा पत्ता मात्र स्थिर हवा. त्याच्या मॅक क्रमांकासाठी राउटरमध्येच एक पत्ता राखून ठेवावा. यंत्रात हाताने भरण्यापेक्षा ते सुरक्षित.

खरा घोटाळा दुसऱ्या राउटरने होतो. मागच्या खोलीत संदेश पोहोचत नाही म्हणून एखादा जुना राउटर आणून तारेने जोडला जातो आणि तोही पत्ते वाटू लागतो. मग काही संगणक एका धर्मशाळेत, काही दुसरीत. कोणाचे इंटरनेट चालते, कोणाचे नाही, छपाईयंत्र सापडत नाही. आणि हे सारे नेमके शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी लक्षात येते. अशा वेळी दोष संगणकाला किंवा कंपनीला दिला जातो. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि दोन्ही राउटरांची ‘लॅन’ छिद्रेच तारेने जोडावीत.

एक खूण ध्यानात ठेवावी. यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याच्या हाकेला कोणी उत्तर दिलेले नाही, असे समजावे. तार व राउटर तपासावेत. कुटुंबात व्यवहाराची वही एकाच्या हाती असली म्हणजे हिशेब जुळतो. पत्त्यांचेही तसेच आहे.