वृक्षाम्ल आणि हिस्टोन : जनुकनियमनाच्या अभ्यासातील कोकम

कोकणातील वैद्यास वृक्षाम्लाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. दापोली तालुक्यातील केळशीसारख्या किनाऱ्यावरील गावांत उन्हाळ्याच्या अखेरीस रातांबे पिकतात. सालींना त्यांच्याच रसाची पुटे देऊन उन्हात वाळवली की आमसुले होतात. ही एक प्रकारची भावनाच होय. मिठाच्या संयोगाने आगळ होते आणि बियांपासून मुठेल निघते. चरकाचार्यांनी हृद्य दशेमानीत वृक्षाम्लाची गणना केली आहे. हेच फळ २००४ साली जनुकनियमनाच्या संशोधनात महत्त्वाचे ठरले. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील डॉ. तपस कुंडू व त्यांचे सहकारी यांनी कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल या द्रव्याचे हिस्टोनसंबंधी कार्य प्रसिद्ध केले. त्याचा नेमका अर्थ काय आणि चिकित्सकाने त्यातून किती घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिस्टोन म्हणजे काय?

मानवी पेशीतील डीएनएची एकूण लांबी सुमारे दोन मीटर असते. ते सूक्ष्म अशा पेशीकेंद्रात सामावते, कारण ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते. आठ हिस्टोनांचे एक रीळ आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ आधारकजोड्यांचे पावणेदोन वेढे, अशी ही रचना आहे. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीतील डीएनए एकच. तरी दोहोंचे कर्म भिन्न असते. कोणते जनुक कोठे वाचले जावे हे ठरवण्यात या गुंडाळणीचा मोठा वाटा आहे.

हिस्टोनांची शेपटासारखी टोके रिळाबाहेर डोकावतात. त्यांतील लायसिन या अमिनो आम्लावर धन विद्युतभार असतो, डीएनएवर ऋण. त्यामुळे पकड घट्ट राहते. लायसिनला अॅसिटिल गट जोडला गेला की धनभार नाहीसा होतो, पकड सैल होते आणि तेथील जनुक वाचनास खुले होते. अॅसिटिल गटाचा जनुकांच्या कार्याशी संबंध असावा, असे व्हिन्सेंट ऑलफ्रे यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. १९९६ मध्ये डेव्हिड अॅलिस यांच्या प्रयोगशाळेने हा गट जोडणाऱ्या एका विकराची ओळख पटवली आणि या विषयास वेग आला.

मिथाइल गटाचे कार्य स्थानपरत्वे बदलते. एच-३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल गट असल्यास ते जागृत जनुकाच्या आरंभस्थानाचे लक्षण असते. सत्ताविसाव्यावर तेच तीन गट असल्यास जनुक मिटलेले असते. या खुणा लिहिणारे, वाचणारे व पुसणारे स्वतंत्र घटक पेशीत असतात. जनुकाची अक्षरे न बदलता त्याचे कार्य बदलते, ते असे.

गार्सिनॉलचे कार्य

अॅसिटिल गट जोडणाऱ्या विकरांपैकी पी-३०० आणि पीसीएएफ या दोहोंना गार्सिनॉल अडवते. परीक्षानलिकेत सुमारे ५ ते ७ मायक्रोमोलर इतक्या अल्प प्रमाणातच त्यांचे कार्य निम्म्यावर येते. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत गार्सिनॉलमुळे बहुसंख्य बाधित जनुकांचे कार्य मंदावले व पेशी नियोजित मृत्यूकडे वळल्या. त्याच वर्षी त्याच गटाने हरिद्रेतील कर्क्युमिनचाही अभ्यास प्रसिद्ध केला. कर्क्युमिन पी-३०० व त्याचा सगोत्र सीबीपी यांना अडवते, पीसीएएफला मात्र नाही. दोन द्रव्यांचा हा भेद लक्षणीय आहे.

चिकित्सकाने काय घ्यावे?

ही माहिती वाचून कोकम सरबताने कर्करोग बरा होतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिले कारण असे की, गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते सेंद्रिय द्रावकांनी सालीतून काढले जाते. सरबतात उतरते ते मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल व तांबडे रंगद्रव्य. दुसरे कारण, पी-३०० सारखे विकर निरोगी पेशींनाही आवश्यक असतात. त्यांना सरसकट अडवणे हितकर ठरेलच असे नाही. तिसरे, काचपात्रातील पेशी म्हणजे अग्नी, कोष्ठ व बल असलेला रुग्ण नव्हे.

तुलनेसाठी व्होरिनोस्टॅटचे उदाहरण घ्यावे. ते उलट दिशेने कार्य करते : अॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना अडवते. मानवी चाचण्यांनंतर २००६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, तीही त्वचेतील टी-पेशींच्या एका लसिकार्बुदापुरती आणि अन्य उपचारांनंतरही व्याधी राहिलेल्या रुग्णांसाठी. हिस्टोनांवर कार्य करणाऱ्या औषधाची मर्यादा व्याधी, अवस्था व मात्रा यांनी ठरते. हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही.

गाठ असलेल्या रुग्णाचे नातलग गावातील वैद्याला प्रथम विचारतात, कारण मुंबईचे टाटा रुग्णालय दूर आणि वैद्य जवळचा. अशा वेळी "आमसुलाने गाठ जिरेल का?" या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट "नाही" असेच द्यावे आणि रुग्णास विनाविलंब तपासणीस पाठवावे. व्याधीच्या प्रथमावस्थेत गमावलेले महिने पुढे कोणत्याही द्रव्याने भरून निघत नाहीत.

चरकाचार्यांना हिस्टोन ठाऊक होते, असे म्हणण्याचेही कारण नाही. रुची व हृद्यत्व हे वृक्षाम्लाचे गुण रस व कर्म यांच्या निरीक्षणातून निश्चित झाले आणि त्या प्रमाणावरच ते उभे आहेत. गार्सिनॉलचे गुण विकर, पेशी व मात्रा यांच्या मोजमापावर उभे राहतील. एका प्रमाणाने सिद्ध झालेले दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये. आहारात आमसूल अवश्य योजावे. गार्सिनॉलला औषध मात्र मानवी चाचण्यांनंतरच म्हणावे.