‘अचानक’ की ‘तुटक’?

मागच्या वर्षी ऑफिसातल्या एका मीटिंगचा वृत्तान्त मी ईमेलने सगळ्यांना पाठवला. चर्चा चालू असताना एका ज्येष्ठ सहकारी मॅडमना मुलाच्या शाळेतून फोन आला आणि त्या घाईने निघाल्या. मी लिहिलं, ‘शी लेफ्ट अॅब्रप्टली.’ दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, “मी काही उद्धटपणा केला का रे?”

मला फक्त ‘अचानक’ म्हणायचं होतं. शाळेत पाठ केलेला अर्थ तोच. शिवाय आम्हा प्रोग्रामरना हा शब्द रोजचा. जावा भाषेच्या अधिकृत नियमावलीत ‘रिटर्न’ने थांबलेलं कामही ‘अॅब्रप्टली’ संपलं असंच म्हणतात, आणि त्यात कुणाला दोष नसतो. माणसांबद्दल लिहिताना मात्र तो लागतो.

कारण शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे. ‘रप्चर’ आणि ‘इंटरप्ट’ त्याच कुळातले. म्हणून चालू गोष्ट मध्येच तुटली, की ‘अॅब्रप्टली’ शोभतं: गाणं मध्येच बंद पडलं, कुणी बोलता बोलता फोन ठेवला. ‘सडनली’त एवढंच, की आधी कल्पना नव्हती. मग पाऊस येवो, पाहुणे येवोत किंवा वाईट बातमी येवो.

गंमत म्हणजे हीच ‘तुटण्या’ची कल्पना मराठीतही आहे. आपण म्हणतो, त्याने तुटक उत्तर दिलं, ती तोडून बोलली. डोंगराचा कडाही आपल्याकडे ‘तुटलेला’ असतो, आणि इंग्रजीतही अशा सरळ उताराला ‘अॅब्रप्ट’ म्हणतात.

तेव्हापासून मी एक साधी परीक्षा करतो. मराठी वाक्यात ‘तुटक’, ‘मध्येच’ किंवा ‘तडकाफडकी’ बसतं का? तडकाफडकी राजीनामा दिला, तर ‘अॅब्रप्टली’. आजोबा अचानक गेले, तर ‘सडनली’च. सांत्वनाच्या पत्रात तरी ही चूक नको.

मी मॅडमची माफी मागितली आणि सुधारित ईमेल पाठवला: ‘शी हॅड टु लीव्ह सडनली.’ त्यांना जावं लागलं, हे त्यात आलं.

आपली मुलं आता इंग्रजीतून शिकतात. त्यांनी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर एकच मराठी शब्द सांगून थांबू नका. जवळचे दोन-तीन सांगा आणि त्यांतला फरकही सांगा. मला तो फरक फार उशिरा कळला.