दप्तरातील भाषा आणि घरातील भाषा

एखादी भाषा ‘मृत’ ठरते ती कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न भाषाभ्यासात क्वचितच विचारला जातो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील वाम्पनोआग लोकांच्या भाषेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. अल्गाँकियन कुलातील ही भाषा एकोणिसाव्या शतकात नित्य व्यवहारातून नाहीशी झाली व विद्वानांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख भूतकाळातच होऊ लागला.

तथापि तिचे लिखित साहित्य विपुल आहे. धर्मोपदेशक जॉन एलियट याने स्थानिक सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले संपूर्ण बायबल मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १६६३ साली छापून झाले. ब्रिटिश अमेरिकेत कोणत्याही भाषेत मुद्रित झालेले ते पहिले बायबल होय. लेखनविद्या अवगत होताच वाम्पनोआगांनी जमिनीची खते, मृत्युपत्रे व अर्ज स्वभाषेत लिहिले. ज्या प्रकारच्या कागदांनी त्यांच्या जमिनी परहस्ते गेल्या, त्यांतच त्यांची भाषा टिकून राहिली.

केलेब चीशाटोमक हा वाम्पनोआग विद्यार्थी १६६५ साली हार्वर्डचा पदवीधर झाला; तेथील विद्येची भाषा लॅटिन होती. त्याच केंब्रिज नगरीत, मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत, जेसी लिटल डो बेअर्ड यांनी केनेथ हेल यांच्यासमवेत आपल्या पूर्वजांच्या भाषेचा अभ्यास केला आणि २००० साली भाषाशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळविली. भाषेच्या पुनरुज्जीवनाचे कार्य त्यांनी १९९३ मध्येच आरंभिले होते. म्हणजे समाजाची गरज आधी व विद्यापीठीय अध्ययन नंतर, असा येथे क्रम आहे.

या क्रमामुळे जुन्या लेखांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. इतिहासकारास एलियटचे बायबल हे धर्मांतराचे साधन दिसते. वाम्पनोआग अभ्यासकास हा इतिहास ठाऊक असतोच. परंतु त्या पृष्ठांत तो क्रियापदांची रूपेही शोधतो. प्रार्थनेतील ‘आमच्या पित्या’ या संबोधनासाठी तेथे ‘नूशुन’ असे रूप येते. ज्याला उद्देशून बोलावयाचे त्याला वगळणारे हे ‘आम्ही’ आहे; त्याला सामावून घेणाऱ्या ‘आपण’चे रूप निराळे. इंग्रजीत हा भेद नाही. मराठी वाचकास मात्र तो तत्काळ उमगतो. तसेच नात्याचा शब्द या भाषेत संबंधावाचून सहसा उच्चारताच येत नाही: ‘नूश’ म्हणजे माझा बाप, ‘कूश’ म्हणजे तुझा बाप. कुटुंबरचनेविषयीचा हा पुरावा परक्याच्या प्रवासवर्णनाहून अधिक विश्वसनीय मानला पाहिजे, कारण भाषांतरकारालाही तो टाळता आला नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लेखनावरून उच्चार पूर्णतः कळत नाहीत. त्यासाठी ज्या सजातीय भाषांचे भाषक आजही आहेत, त्यांच्याशी तुलना करावी लागते. आधुनिक वस्तूंसाठी शब्द नव्याने घडवावे लागतात. अशी भाषा सतराव्या शतकातील भाषेची तंतोतंत प्रतिकृती असणार नाही, हा आक्षेप खराच. पण अखंड बोलली गेलेली कोणती भाषा तीनशे वर्षे तशीच राहिली आहे?

आज वाम्पनोआग मुले ही भाषा शिकत आहेत. एखाद्या भाषेवर ‘मृत’ असा शेरा मारण्यापूर्वी तिच्या वारसांचा विचार घ्यावा, एवढा धडा या उदाहरणापासून संशोधकाने घेण्यासारखा आहे.